पाय पुढे करायची लाज

लहानपणी आमच्या घरात पाय चेपायचं काम हातांनी व्हायचंच नाही, ते पायांनी व्हायचं. आजोबा रात्री जेवून ओसरीवर घोंगडी टाकून पालथे पडले की हाक यायची, "कोण रिकामं आहे रे? पाय तुडवा." आम्हा भावंडांपैकी जो हाती लागेल त्याने भिंतीतली खुंटी धरायची आणि त्यांच्या पोटऱ्यांवरून, मांड्यांवरून चालायचं. सहा-सात वर्षांच्या पोराचं वजन या कामाला अगदी बेताचं असतं. नियम दोनच. गुडघ्यामागच्या लवणीत पाऊल टाकायचं नाही आणि उड्या मारायच्या नाहीत. टाच नेमक्या जागी बसली की आजोबा "हां, तिथंच" म्हणायचे. मग नुसतं "हां" उरायचं, आणि जरा वेळाने त्या "हां"चं घोरणं व्हायचं. उतरायचं अगदी अलगद, कारण उतरताना त्यांना जाग आली तर पुन्हा पहिल्यापासून.

आजीचेही पाय दुखायचे. दिवसभर चूल, गोठा, पाणी भरणं, म्हणजे आजोबांपेक्षा कमी नाहीच, जास्तच. पण तिचे पाय ओसरीवर कधी कुणी तुडवले नाहीत. माजघरात निजानीज झाली की ती एखाद्या नातीला जवळ बोलवायची आणि हळू आवाजात म्हणायची, "जरा पोटऱ्या दाब गं, गोळे आलेत." नातवाला नाही, नातीलाच. आणि कुणी उठून पाणी प्यायला आलं की पदर पायावर. आजोबांचं पाय तुडवून घेणं पाहुण्यांसमोर चालायचं, आजीचं मात्र चोरून.

आपल्याकडे पाय हा अवयव मोठा पंचाईतीचा. मोठ्यांच्या पायाला हात लावायचा, पण आपला पाय चुकून कुणाला लागला तर लगेच हात लावून तो कपाळाला न्यायचा. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार. देवाकडे पाय करून निजायचं नाही. त्यामुळे आपले पाय दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे आपण त्याच्याहून मोठे, असा हिशोब आपोआप मांडला जातो. कॅलेंडरातल्या शेषशायी विष्णूच्या पायाशी लक्ष्मी बसलेली असते, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की तिथे वेगळं काही दिसतच नाही. नव्या सुनेने रात्री सासूचे पाय चेपून द्यायचे ही रीत आमच्या आईच्या पिढीपर्यंत तरी पक्की होती. त्या सुनेचे पाय कोण चेपायचं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

काशाची वाटी मी पहिल्यांदा पाहिली ती आईकडे. दहावीच्या परीक्षेच्या वेळी माझे डोळे चुरचुरायचे, रात्री झोप लागायची नाही, अंग गरम वाटायचं. आई म्हणाली, "उष्णता झालीय, वाटी घासते." तळपायाला चमचाभर साजूक तूप आणि त्यावर ती वाटी. बुडाकडून गोल, आतून जराशी काळपट, हातात घेतली तर दिसते त्यापेक्षा जड. पहिला स्पर्श गार लागतो आणि माणूस पाय ओढून घेतो. मग टाचेकडून चवड्याकडे, चवड्याकडून टाचेकडे, गोल गोल. थोड्या वेळाने वाटी गार लागेनाशी होते, ती पायाच्याच उबेची होते. तळव्याच्या मधल्या खळग्यात ती बरोबर बसते, तिथे आई जरा जास्त वेळ थांबायची. हळूहळू तुपाला राखाडी रंग यायचा, मग चक्क काळा. "बघ, केवढी उष्णता होती," असं म्हणून ती फडक्यावर पुसलेला काळा डाग मला दाखवायची. तो डाग बघूनच मला निम्मं बरं वाटायचं.

तो डाग उष्णतेचा नसतो, हे कळलं पुष्कळ उशिरा. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. तूप किंवा तेल, पायाचा घाम आणि हा धातू एकमेकांवर घासले की धातूचाच अंश त्यात उतरतो आणि तूप काळं पडतं. ज्याला अजिबात 'उष्णता' नाही अशा माणसाच्या पायावर घासली तरी काळंच येणार. वाटीच्या जाहिराती करणारे हल्ली तो काळा थर दाखवून 'शरीरातली घाण बाहेर आली' असं सांगतात. आमच्या आईने तेच सांगितलं होतं, पण तिने त्याचे पैसे घेतले नव्हते.

गंमत म्हणजे 'पायातून उष्णता बाहेर पडते' हे तिचं वाक्य मात्र अगदीच सोडून देण्यासारखं नाही. संध्याकाळ उलटली की आपल्या शरीराच्या आतलं तापमान हळूहळू उतरायला लागतं आणि ते उतरणं हा झोप यायच्या तयारीचाच भाग असतो. आतली ही उष्णता बाहेर टाकायची तर जागा हवी. ती जागा म्हणजे मुख्यतः हाताचे आणि पायाचे तळवे. तिथे केस नसतात आणि कातडीखाली रक्तवाहिन्यांचे असे जोड असतात की ते उघडले की भराभर रक्त येतं, पाय ऊबदार होतात आणि आतली ऊब बाहेर जाते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात याबद्दल लिहिलं होतं. हातपाय जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे गार पडलेले पाय घेऊन अंथरुणात तळमळण्यापेक्षा ते चोळून, पुसून, मोजे घालून झोपणं शहाणपणाचं. डाग खोटा होता, पण आई जे करत होती ते बरोबर होतं.

आयुर्वेदाने हे सांगून ठेवलंच आहे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा असं सांगून पुढे म्हटलंय की डोकं, कान आणि पाय यांना तो विशेष करून करावा. चरकसंहितेत पायाला तेल लावल्याने खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो असं येतं. नजर सुधारते असंही येतं. माझा चष्म्याचा नंबर काही कमी झालेला नाही, पण खरखरीतपणाचं सोळा आणे खरं. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, घामाच्या असतात. वरून कुणी तेल दिलं नाही तर त्या बिचाऱ्या कातडीला ते मिळणार कुठून?

आमचं गाव फलटण तालुक्यातलं, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं. त्यामुळे दमलेले पाय म्हणजे काय हे आम्ही पोरांनी दर आषाढात पाहिलेलं. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीहून निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. मध्ये अडीचशे किलोमीटरच्या आसपास वाट. पुण्याहून सासवडपर्यंतचा टप्पा एकटाच ३० किलोमीटरच्या घरात जातो, त्यात दिवेघाटाची चढण आणि दिवस बहुतेक वेळा एकादशीचा, म्हणजे पोटात वरीचे तांदूळ नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. आमच्यापर्यंत येईस्तोवर जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव झालेलं असायचं. पावसात भिजून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, टाचांना भेगा, कुणाला कुरूप, कुणाचा घोटा सुजलेला.

त्या रात्री आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात पाणी तापायचं. त्यात मूठभर मीठ. आजी करडईचं तेल कोमट करून कासंडीत ठेवायची आणि ओसरीवर टेकलेल्या माळकऱ्यांपुढे जाऊन बसायची. एरवी ज्या आजोबांचे पाय आम्ही तुडवायचो तेच आजोबा त्या रात्री खाली बसून एखाद्या परक्या माणसाची पोटरी चोळत असायचे. कोण कुठला, कुठल्या जातीचा, काही विचारायचं नाही. "माउली, पाय पुढे करा." समोरचा संकोचाने पाय मागे घ्यायचा, "नको माउली, तुम्ही मोठे." मग दोघंही एकमेकांना माउली म्हणत बराच वेळ ओढाताण करायचे. एक म्हातारी मला अजून दिसते. पाय पाण्यात ठेवल्या ठेवल्या तिने डोळे मिटले आणि आजीने टाच हातात घेतली तशी ती रडायला लागली. आजीने विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई, कुणी हात लावला न्हवता पायाला." एवढंच.

आता मुक्कामाच्या गावांत, रस्त्याकडेच्या मंडपांत यासाठी स्वयंसेवकांच्या रांगाच असतात. कॉलेजची पोरं-पोरी बसून मालिश करतात, नाभिक समाजातली मंडळी फुकट दाढी करून देतात, कुणी चपला शिवून देतं, डॉक्टर मलमपट्टी करतात. अलीकडे पाय घालायची यंत्रंही आली आहेत. यंत्र चांगलं दाबतं, पण त्याच्यापुढे कुणी "नको माउली, तुम्ही मोठे" म्हणत नाही, एवढा फरक.

आणि सगळ्या वारीचं मूळही पाय चेपण्यातच आहे, हे मला पुष्कळ वर्षं जाणवलंच नव्हतं. पुंडलिकाची गोष्ट सगळ्यांना पाठ. तो आईवडिलांच्या सेवेत होता, पाय चेपत होता, आणि देव दारात आला. पुंडलिक उठला नाही. हातातलं काम चालू ठेवून त्याने वीट भिरकावली आणि सांगितलं, यावर उभा राहा, माझं आटपलं की बघतो. देव उभा राहिला, तो आजवर. वैकुंठात ज्याचे पाय लक्ष्मी चेपते त्याला इथे ताटकळत ठेवलं ते दुसऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या पायांसाठी. ज्याने कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला दंडवत. विष्णूला त्याने पलंगावरून उतरवून विटेवर आणलं आणि चेपायला पाय दिले म्हाताऱ्या आईबापांचे.

पण पंढरपूरकरांनी त्या उभ्या देवाचीही सोय लावली आहे. यात्रेच्या दिवसांत दर्शन २४ तास सुरू असतं, त्यासाठी देवाचा पलंग शेजघरातून काढतात आणि उभ्या उभ्या टेकता यावं म्हणून पाठीशी लोड देतात. या काळात देवाला झोप नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून गरम पाण्याने स्नान घालतात आणि पायांना लिंबू-साखर लावून चोळतात. लाखो लोकांचे हात आणि कपाळं लागून गेलेले ते पाय. रात्री मसाल्याच्या जिनसांचा काढा दाखवतात, पलंग पुन्हा येतो, शेजारती पुन्हा सुरू होते. गरम पाणी, पाय चोळणं, कढत काही तरी पोटात, मग अंथरूण. कुठल्याही घरातल्या शहाण्या बाईने दमून आलेल्या माणसाला हेच आणि याच क्रमाने सुचवलं असतं.

आमच्या घरी सध्या दमून येणारं माणूस म्हणजे बायको. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चौथीच्या वर्गाला बसून शिकवता येत नाही, असं तिचं ठाम मत, त्यामुळे दिवसभर ती उभीच. रात्री आडवी झाली की पाय ठणकतात आणि दीड-दीड तास झोप येत नाही. पाय उशीवर घेते, खाली करते, भिंतीला लावते. एका रात्री मी आईची वाटी काढली, खोबरेल तेल घेतलं आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसलो. तिने पाय असे आखडून घेतले की वाटी हातातून सुटून फरशीवर टणकन वाजली. कासं पडलं की तडकायची भीती असते, पितळेसारखं ते पोचा पडून भागवत नाही. नशिबाने वाटी शाबूत राहिली.

"अहो, काय चाललंय? मला पाप लागेल."

"सहा तास उभं राहून आलीस, पाप कसलं लागतंय?"

"माझं मी लावीन. तुम्ही पायाला हात लावायचा नाही."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "आई, तू त्यांचे पाय किती वेळा चेपलेस?" तिने विचारलं. आई म्हणाली, "ते वेगळं." लेकीने 'कसं वेगळं' हे विचारलं, आणि त्या रात्री पायाऐवजी डोकं चेपायची वेळ आली.

पण दुसऱ्या दिवशी बायकोनेच तोडगा काढला. "वाटीने चालेल," ती म्हणाली, "हात नका लावू." वाटी मध्ये असली की स्पर्श धातूचा, नवऱ्याचा नाही, अशी काहीशी पळवाट असावी. मला चालण्यासारखी होती. मग मी एका हाताने पलंगाची कड धरून दुसऱ्याने वाटी फिरवायचो, पाय हातात न धरता, म्हणजे पाय इकडे तिकडे पळायचा आणि वाटी घोट्यावर आपटायची. असं काही दिवस चाललं. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "धरा एकदाचा नीट." बोटांच्या बेचक्यात वाटी जात नाही, तिथे बोटंच घालावी लागतात, त्यालाही मग आपोआप मान्यता मिळाली. आता मी तेल लावत असताना ती शाळेतल्या गोष्टी सांगते, वाक्याच्या मध्येच थांबते, आणि वाक्य पुरं होत नाही. मुख्याध्यापकांनी पुढे काय केलं ते मला सकाळी विचारावं लागतं.

करायचं काय, तर फार काही नाही. पाय धुवायचे, बोटांमधलं पाणी नीट टिपायचं, नाहीतर चिखल्या ठरलेल्याच. तेल थोडं कोमट, चमचाभर पुष्कळ. उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तिळाचं, भेगा असतील तर कोकम तेल पळीत वितळवून. आमच्या कोकणातल्या मेहुण्याकडून त्याचा पांढरट गोळा येतो, तो वर्षभर पुरतो. एकेका पायाला पाच-सात मिनिटं. हे झाल्यावर जुन्या पंचाने खसखसून पुसायचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तेलकट पायांनी रात्री बाथरूमला उठलेला म्हातारा माणूस आणि टाइल्सची फरशी यांची गाठ पडू द्यायची नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही, तिथे जपून. आणि एकाच पोटरीला सूज, लाली, दुखणं असं अचानक झालं तर चोळत बसू नये, डॉक्टर गाठावा, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.

आता गल्लोगल्ली काशाच्या थाळीची यंत्रं आली आहेत. आपण खुर्चीत बसायचं, पाय ठेवायचे, थाळी गरगर फिरते. सुखावतं, यात वाद नाही. भिंतीवर तळव्याचं चित्र लावलेलं असतं, इथे यकृत, इथे मूत्रपिंड, इथे हृदय. तळव्याच्या अमुक जागी दाबल्याने यकृत सुधारतं याला पुरावा नाही, आणि तशी गरजही नाही. थकलेला पाय सुखावला आणि झोप आली, तेवढ्यावर यकृताचं नाव कशाला लिहायचं? बाजारातून वाटी घ्यायची तर बोटाच्या पेराने टिचकी मारून बघावी. काशाचा नाद लांबत जातो, देवळातल्या घंटेच्या जातीचा धातू तो. आवाज लगेच दबला तर दुकानदार काशाच्या भावात काहीतरी भलतंच गळ्यात मारतोय, असं मी तरी धरून चालतो.

दिवाळीनंतर आई महिनाभर आमच्याकडे होती. तिच्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातली जमीन. रात्री मी तिच्यापुढे तेल घेऊन बसलो तेव्हा तिने आधी सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "आमच्याकडे हे खातं त्यांच्याकडे आहे, सासूबाई." आई म्हणाली, "पुरुषासारखा पुरुष तू, बाईच्या पायाशी बसतोस?"

"पुंडलिक कोण होता मग?" मी म्हटलं. "त्याची आई बाईच होती ना?"

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिने एक पाय पुढे केला, अर्धाच, साडी घोट्यापर्यंत ओढून. मी वाटी टेकवली, गार लागली तशी ती हसली. तेवढ्यात टेबलावर माझा फोन थरथरायला लागला.

"कोण आहे?"

"ऑफिसातले साहेब."

"वीट दे त्यांना," आई म्हणाली, आणि दुसरा पायही पुढे केला.